आहाराचे वळण

(जिंतूर तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांच्या अक्षराला वळण लावण्याचे काम प्राथमिक शाळेत पहिल्या इयत्तेपासून चालू असते. मुलाचा 'क' पहिल्या दिवशी वाकडा आला म्हणून कोणी गुरुजी त्याची पाटी काढून घेत नाहीत. 'आजपासून महिनाभर लिहावयाचे नाही' अशी शिक्षाही त्याला फर्मावीत नाहीत. ते रोज चार ओळी गिरवून घेतात. एखादे दिवशी गिरवणे राहिले म्हणून अक्षर बिघडत नाही, आणि एका रात्रीत शंभर पाने लिहून काढली म्हणून ते सुधारतही नाही. रोज थोडे, ठरल्या वेळी आणि कंटाळा न येईल अशा बेताने केलेले कामच शेवटी हातात उतरते. ही गोष्ट शिक्षकाला कोणी सांगावयास नको. परंतु अक्षराच्या बाबतीत तो जे शहाणपण रोज वापरतो, ते स्वतःच्या ताटासमोर बसल्यावर मात्र त्याच्या ध्यानात राहत नाही, असे पुष्कळदा दिसते.

वजन वाढलेले, कंबरपट्टा घट्ट झालेला आणि रक्तातील साखरेने इशारा दिलेला एखादा शिक्षक हल्ली प्रत्येक केंद्रात आढळतो. त्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. एखाद्या सोमवारी तो संकल्प सोडतो : भात बंद, भाकरी बंद, तेल बंद, साखर बंद. सकाळी कोमट पाणी, दुपारी काकडी आणि रात्री काहीच नाही. पहिले आठ दिवस उत्साहाचे जातात. काटा दोन-तीन किलो उतरलेला दिसतो आणि शिक्षक-खोलीत कौतुक होते. तिसऱ्या आठवड्यात डोके दुखू लागते, वर्गात चिडचिड होते, पाढे म्हणणाऱ्या मुलांवर आवाज चढतो. पुढे कोणाचे तरी लग्न निघते. पंगतीत बुंदी वाढली जाते. एक घास घेतला जातो. आणि 'आता मोडलेच आहे, तर मोडूनच टाकू' असे म्हणत संकल्पाची समाप्ती होते. चार महिन्यांनी काटा पूर्वीच्या जागी, किंबहुना त्याच्याही पुढे गेलेला असतो. त्या गृहस्थाला वाटते की आपले मन दुबळे आहे. वस्तुतः दोष त्याच्या मनाचा कमी आणि त्याने निवडलेल्या मार्गाचा अधिक असतो.

उपाशी शरीराचे गणित

मराठीत 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आहे. तिच्यात थट्टा आहे, पण निरीक्षणही आहे. मन मारून रोखून धरलेली भूक संधी मिळताच व्याजासह वसुली करते, हे जुन्या लोकांनी ओळखले होते. पुढे विज्ञानानेही हेच तपासून पाहिले. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने १९४४–४५ साली ३६ धडधाकट तरुणांवर त्यांच्या संमतीने एक प्रयोग केला. महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा अन्न कसे द्यावे, हे ठरविण्यासाठी तो प्रयोग होता. चोवीस आठवडे या तरुणांना त्यांच्या नेहमीच्या आहाराच्या सुमारे निम्मा आहार देण्यात आला. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. परंतु त्याहून बोधप्रद गोष्ट अशी की, ते तरुण दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. कोणी पाककृतींची पुस्तके वाचीत बसे, तर कोणी ताटातील घास तासभर चिवडीत राही. त्यांना थंडी अधिक वाजू लागली, उत्साह मावळला, स्वभाव चिडचिडा झाला. शरीराने आपला खर्च कमी केला होता. प्रयोग संपल्यावर अन्न मुबलक मिळू लागले, तेव्हा त्यांच्यापैकी कित्येकांची भूक पोट भरल्यावरही शमत नव्हती.

शरीराला संकल्प आणि दुष्काळ यांतील फरक कळत नाही. मराठवाड्याला तर दुष्काळ सांगावयास नको. १९७२ साली पाऊस गेला, तेव्हा येथील माणसांनी रोजगाराच्या कामावर खडी फोडली, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी खाल्ली आणि मुलांनी सुकडीवर दिवस काढले. त्या काळातील माणसे अजून गावोगाव आहेत. ताटात अन्न टाकलेले त्यांना खपत नाही. नातवंडांना ती 'आणखी अर्धी घे' असा आग्रह करतात, तो त्या आठवणीपोटी. उपासमार भोगलेले शरीर पुढच्या वाईट दिवसांसाठी साठा करू पाहते. आणि जो माणूस हौसेने तीन आठवडे अर्धपोटी राहतो, त्याचे शरीरही आपल्या परीने तेच करू लागते. म्हणून वजन उतरविण्याचा जो मार्ग उपासमारीसारखा असतो, तो फार काळ चालत नाही.

याचा अर्थ खाण्यावर काहीच लक्ष ठेवू नये असा नव्हे. वैद्यकीय कारणाने डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य पाळलेच पाहिजे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने तर मनाने जेवण कधीच टाळू नये. रक्तातील साखर एकदम उतरून घेरी येण्याचा, प्रसंगी बेशुद्ध होण्याचा धोका त्यात असतो. येथे विचार करावयाचा आहे तो ऐकीव पथ्यांचा. सन २०१८ च्या सुमारास लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या व्याख्यानांतून दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार महाराष्ट्रभर पसरला. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकार यांचा होता. मधल्या वेळचा गोड चहा, बिस्किटे आणि फरसाण सुटल्यामुळे त्यापासून लाभ झाल्याचे अनेक प्रौढ माणसे सांगतात. परंतु असा कोणताही विचार व्हॉट्सअपवरून गावात पोहोचेपर्यंत त्याच्यामागची अट गळून पडते आणि नुसती मनाई शिल्लक राहते. प्रौढांसाठी मांडलेली गोष्ट घरातील वाढत्या मुलीला लागू केली जाते. शिक्षकाने प्रत्येक नव्या पथ्याला दोन साधे प्रश्न विचारावेत : हे तिसऱ्या वर्षीही असेच चालेल काय? आणि घरातील मुलाने पाहून याचे अनुकरण केले, तर त्याचे हित होईल काय? या दोन प्रश्नांना जे टिकते, ते वळण. जे टिकत नाही, ते वेड.

मुले पाहत असतात

दुसरा प्रश्न शिक्षकाच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील बालकांपैकी शेकडा ३५ बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे, असे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. त्याच पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील शेकडा ५४ स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असल्याचे, आणि त्याच वेळी शेकडा २३ स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर असल्याचे दिसून आले. म्हणजे एकाच वाड्यात, क्वचित एकाच घरात, एकाला कमी मिळते आणि दुसऱ्याला नको ते जास्त मिळते. अशा ठिकाणी 'कमी खा' हा सरसकट उपदेश घातक आहे. ज्याला तो लागू नाही, त्याच्याच कानी तो आधी पोहोचतो.

सातवी-आठवीतील एखादी मुलगी जेवणाच्या सुट्टीत ताट न घेता भिंतीशी बसून राहते. विचारले तर सांगते, "बाई, मला भूक नाही." आणखी विचारले तर हळूच म्हणते, "मैत्रिणी जाडी म्हणतात." ही वाढीची वर्षे असतात, पाळी नुकतीच सुरू झालेली असते, रक्ताला लोह हवे असते आणि हाडांना बळ. त्याच वर्षांत तिने जेवण टाळावयास शिकणे ही साधी गोष्ट नव्हे. घरी तिने वडिलांचे उपाशी राहणे पाहिलेले असते, शाळेत बाईंना 'मी आज काही खाल्लेच नाही' असे अभिमानाने बोलताना ऐकलेले असते. अशा वेळी शहाणी शिक्षिका तिला सर्वांदेखत बोलत नाही, आणि तिच्या अंगकाठीचा उल्लेखही करीत नाही. ती म्हणते, "बरं, मग माझ्याजवळ बस. मी जेवते, तू थोडी उसळ घे." चार दिवस असे झाले की मुलगी जेवू लागते. चेष्टा करणाऱ्या मुलांशी मात्र वेगळे बोलावे लागते. शरीरावरून नाव ठेवणे हे जातीवरून नाव ठेवण्याइतकेच शाळेला अशोभनीय आहे, हे वर्गाला स्पष्ट कळले पाहिजे. आणि जेवण टाळणे बरेच दिवस चालले, मुलगी झपाट्याने वाळू लागली, तर पालकांना विश्वासात घेऊन तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखविणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरते.

नुसत्या मनाईचा परिणाम मुलांवर काय होतो, याचीही परीक्षा झालेली आहे. अमेरिकेतील जेनिफर फिशर आणि लीॲन बर्च या संशोधिकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांपुढे साधारण सारखेच दोन खाऊ ठेवले. एक मोकळा होता. दुसरा पारदर्शक बरणीत, डोळ्यांना दिसेल पण ठराविक वेळीच मिळेल असा. मुलांचे लक्ष, बोलणे आणि धडपड त्या बरणीभोवतीच फिरत राहिली. जे बंद केले, त्याचेच मोल वाढले. शाळेच्या फाटकाशी मिळणाऱ्या पाच रुपयांच्या पुडीविषयी रोज भाषण दिल्याने ती पुडी अधिकच चविष्ट होते. तिच्या जागी दुसरे काही खमंग हातात आले, तरच ती मागे पडते.

ताटात असलेलेच पुरे आहे

ते दुसरे काही बाहेरून आणावयाचे नाही. आरोग्यासाठी परदेशी फळे, डब्यातील पावडरी आणि महागडे दाणे लागतात, असा समज जाहिरातींनी पसरविला आहे. तो जिंतूरच्या परिसरात राहणाऱ्या माणसाने तरी बाळगू नये. पूर्णेच्या या खोऱ्यातील आजीचे ताट आठवून पाहावे : ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण किंवा मुगाची उसळ, अंबाडी, चुका, करडई किंवा हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, जवसाची किंवा कारळाची चटणी, वर कांदा आणि वाटीभर ताक. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने आणि जवळजवळ तितकाच चोथा असतो. पांढऱ्या सडलेल्या तांदळात प्रथिने सुमारे आठ ग्रॅम आणि चोथा तीन ग्रॅमच्या आत असतो. चोथा अधिक असल्यामुळे भाकरी पोटात सावकाश पचते आणि भूक लवकर लागत नाही. धान्यात ज्या घटकाची उणीव असते, ती डाळ भरून काढते. म्हणून भाकरीबरोबर वरण-उसळ ही जोडी केवळ चवीची नसून हिशेबाची आहे. वरणावर लिंबू पिळले, तर वनस्पतीजन्य अन्नातील लोह शरीराला अधिक मिळते. उलट जेवणाला लागूनच चहा घेतला, तर ते कमी मिळते. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवणे ही एवढीशी सवय, पण पांडुरक्या मुलींच्या या प्रदेशात ती मोलाची आहे.

हे ताट विस्कटले, त्याला कारणे आहेत. गेल्या काही दशकांत खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने आणि कापसाने घेतली. स्वस्त धान्याच्या दुकानात गहू-तांदूळ मिळू लागला. भाकरी थापण्यास वेळ आणि कौशल्य लागते. शेतमजुरीला जाणाऱ्या बाईला पहाटे तो वेळ कोठून मिळणार? तेव्हा घरच्या बाईला दोष देऊन उपयोग नाही. भाकरीचे काम घरातील मुलांनी आणि पुरुषांनीही शिकावे, हे सांगणे शिक्षकाच्या हाती आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा शहरांतील उपाहारगृहांत ज्वारीला प्रतिष्ठा आली. परंतु ज्वारीचे काम परभणीत त्याआधीच चालू होते. येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेच्या सहकार्याने 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण तयार केला आणि २०१८ साली तो प्रसारित झाला. नेहमीच्या वाणांपेक्षा त्यात लोह आणि जस्त अधिक आहे. आपल्याच जिल्ह्याच्या नावाचे हे धान्य वर्गात दाखविण्यासारखे आहे.

रानभाज्यांचेही असेच आहे. पहिल्या पावसानंतर बांधावर तरोटा उगवतो, ओलाव्याच्या जागी घोळ आणि पाथरी दिसते. गरिबाची भाजी म्हणून मुले ती लपवून खातात. ज्या दिवशी गुरुजी स्वतःच्या डब्यात घोळीची भाजी उघडपणे आणतील, त्या दिवशी ती गरिबाची राहणार नाही.

सवय कशी जडते

सवय किती दिवसांत जडते, याविषयी एकवीस दिवसांची गोष्ट लोकांत प्रचलित आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर बारा आठवडे पाहणी केली. ती २०१० साली प्रसिद्ध झाली. रोज एकाच प्रसंगी एकच लहान कृती करावयाची, असा तो प्रयोग होता. कृती आपोआप होऊ लागण्यास सर्वसाधारणपणे ६६ दिवस लागतात, असे दिसले; कोणाला अठराच दिवस पुरले, तर कोणाला आठ महिन्यांहून अधिक लागतील असा हिशेब निघाला. त्यातील आणखी एक निष्कर्ष फार दिलासा देणारा आहे : मध्ये एखादा दिवस चुकला, तरी सवय जडण्याला फारशी बाधा येत नाही. लग्नातील बुंदीने काही बिघडत नाही. बिघडते ते 'आता मोडलेच' या वाक्याने.

यावरून तीन गोष्टी ठरतात. पहिली, एका वेळी एकच बदल हाती घ्यावा. दुसरी, तो रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला बांधावा. जसे, हात धुतले की आधी कोशिंबिरीचा घास. तिसरी, वजा करण्यापूर्वी मिळवावे. ताटात आधी उसळ वाढली की भात आपोआप थोडा लागतो. आधी ताक पोटात गेले की भज्यांची संख्या घटते. मन मारावे लागत नाही, म्हणून ते बंडही करीत नाही.

चहाचे उदाहरण घेऊ. गावी शिक्षकाला दिवसातून पाच कप चहा सहज होतो. दर कपात दोन चमचे साखर, म्हणजे साधारण दहा ग्रॅम, धरली, तर दिवसाची पन्नास ग्रॅम आणि महिन्याची दीड किलो साखर एकट्या चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली वरची मर्यादा मध्यम आहाराच्या प्रौढासाठी जवळजवळ एवढीच भरते. आणि ती दिवसभरातील सर्व वेगळ्या साखरेची मर्यादा आहे, नुसत्या चहातील नव्हे. आता जो गृहस्थ सोमवारी चहा सोडतो, तो गुरुवारी परत पितो. त्याऐवजी दर कपात अर्धा चमचा कमी करून तेवढ्यावर महिनाभर राहावे. जीभ रुळली की आणखी अर्धा कमी करावा. दोन महिन्यांत साखर निम्मी होते, आणि पूर्वीचा चहा प्याल्यास तो पाक लागतो. चौथीच्या वर्गात हाच हिशेब फळ्यावर मांडला, तर गुणाकाराचाही धडा होतो.

उपवासाचेही थोडे. श्रद्धेचा प्रश्न ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा आहे. तेथे शिक्षकाने हात घालू नये. परंतु उपवासाच्या दिवशी ताटात काय असावे, एवढे सुचविण्यास हरकत नाही. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टाचा. त्यात प्रथिने नसल्यासारखीच. त्याची तुपातील खिचडी, वर बटाट्याचा चिवडा आणि गोड चहा, असा उपवास शरीराला विश्रांती देत नाही. भगर, राजगिरा, रताळे, शेंगदाण्याची आमटी आणि ताक यांनी तोच उपवास सात्त्विकही राहतो आणि पोषकही. रमजानच्या महिन्यात रोजा सोडतानाही आधी खजूर, पाणी आणि फळ, मग सावकाश जेवण, हे वळण तसेच हिताचे. वाढत्या मुलांवर मात्र कोणत्याही कडक उपवासाचा आग्रह धरू नये.

शाळेतील ताट

शिक्षकाच्या हाती घरापेक्षाही प्रभावी असे एक साधन आहे : शाळेतील दुपारचे जेवण. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारची ही योजना सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर कोरड्या धान्याऐवजी शिजविलेले अन्न देणे राज्यांना बंधनकारक झाले. २०२१ पासून तिला प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना हे नाव आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी, त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने. सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी, त्यातून ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने, असे प्रमाण ठरलेले आहे. हे आकडे नोंदवहीत भरण्यासाठी असतात, तसेच ताटात उतरण्यासाठीही असतात. भाजी पातळ रश्श्यात दिसेनाशी झाली, तर आकडा पूर्ण होतो आणि मूल अपुरे राहते.

परंतु प्रमाणाहून मोठी गोष्ट वळणाची आहे. शंभर मुले रोज एकाच वेळी, एकाच पंगतीत, जातपात न पाहता बसतात. सवय लावण्यास याहून चांगली जागा कोणती? शिक्षक त्याच पंगतीला बसून तेच अन्न चवीने खातो, तेव्हा शब्दाविना पाठ होतो. एखादे मूल शेवग्याची किंवा पालेभाजी बाजूला सारते. नवी चव मुलाच्या जिभेवर रुळण्यास आठ-दहा वेळा, प्रसंगी त्याहून अधिक वेळा ती चाखावी लागते. म्हणून रागावू नये, 'संपविल्याशिवाय उठायचे नाही' असा दंडकही घालू नये. बक्षिसाची लाच तर मुळीच देऊ नये. ज्यासाठी लाच मिळते ती वस्तू वाईटच असली पाहिजे, असे मूल धरून चालते. दर वेळी एक चमचा वाढावा, शेजारच्याने खाल्लेले त्याला दिसू द्यावे, आणि थांबावे. भूक किती आहे हे मुलाच्या पोटाला कळते. पुढे काय ठेवावयाचे हे मोठ्यांनी ठरवावे, किती खावयाचे हे मुलाने ठरवावे.

या सर्व विवेचनातून शाळेपुरते पुढील गोष्टी करता येतील :

१. आठवड्यातून किमान एक दिवस शिक्षकांनी मुलांच्या पंगतीत बसून जेवावे.

२. परसबागेत शेवग्याचे एक झाड, अंबाडी, चुका, मेथी आणि लिंबू एवढे तरी असावे. जे मूल रोप लावते, ते त्याची भाजी सहसा टाकीत नाही.

३. वाढदिवसाला चॉकलेटाऐवजी शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचा लाडू, पेरू किंवा बोरे वाटण्याची प्रथा पाडावी. पण एखाद्या मुलाने चॉकलेट आणलेच, तर त्याचा पाणउतारा करू नये.

४. वजन-उंचीची नोंद करताना आकडे मोठ्याने वाचू नयेत. जाड, बारीक, खादाड हे शब्द शाळेतून हद्दपार करावेत.

५. सकाळी उपाशी येणारी मुले ओळखावीत. 'काय खाऊन आलास?' हा प्रश्न परिपाठानंतर एकट्याला, हळू विचारावा. कारण आळस नसून घरची अडचण असू शकते.

६. लोहाच्या साप्ताहिक गोळ्या जेवणानंतर, शिक्षकांसमोर द्याव्यात. उपाशीपोटी दिलेल्या गोळीने मळमळते आणि मूल पुढच्या वेळी ती फेकून देते.

७. पालकसभेत 'हे खाऊ नका' अशी यादी न देता, एकाच नव्या गोष्टीची विनंती करावी. एका सत्रात एक.

जिंतूरहून येलदरीकडे जाताना धरणाची भिंत दिसते. एवढे पाणी एका पावसात साठले नाही. पूर्णेचा प्रवाह कधी भरून आला, कधी आटला. मिळेल तेवढे पाणी भिंतीने धरून ठेवले, आणि त्यावर आज शेते भिजतात. आरोग्याचेही तसेच आहे. एका सोमवारच्या संकल्पाच्या लोंढ्याने ते येत नाही. रोजच्या वाटीभर उसळीने, अर्धा चमचा कमी साखरेने, बाईंशेजारी बसून खाल्लेल्या चार घासांनी ते साठत जाते. पहिलीत अडखळत गिरविलेले अक्षर माणसाला जन्मभर पुरते. त्याच वयात, त्याच शाळेत, त्याच शिक्षकाच्या हातून लागलेले आहाराचे वळणही जन्मभर पुरेल. म्हणून उद्या दुपारी जेवणाची घंटा होईल, तेव्हा गुरुजींनी आणि बाईंनी मुलांबरोबर पंगतीला बसावे. आरंभाला एवढे पुरेसे आहे.